चारी बाजूंनी सारखी

महालिंग कुरुंदवाडहून स्टुडिओत आला तेव्हा त्याच्या हातात एक सीडी होती आणि शर्टाच्या खिशात स्टीलची पट्टी. पेन असतं तशी, वर डोकावणारी.

"आमच्या अव्वाचं, म्हंजी आईचं, पहिलं पुण्यस्मरण हाय, येत्या ऐतवारी," तो संघप्रियाला म्हणाला. "भाच्याच्या लग्नातला फोटो हाय ह्यात. दोघी बसल्यात. डावीकडची अव्वा. तिला एकटीला काढा, आणि भोवतीनं पांढरी कड सोडा. चारी बाजूंनी सारखी. एका केसाचा फरक चालायचा न्हाय."

"खाली नाव टाकू?"

"नाव टाकलं की खालची कड जाड हुती. नगो."

दोन हजार पाच सालचे मे महिन्याचे दिवस. कोल्हापूरच्या स्टँडमागं संघप्रियाच्या नवऱ्याचा, सयाजीचा, हा स्टुडिओ होता. सयाजी लग्नांचे फोटो काढत गावोगाव फिरायचा आणि दुकान, काउंटर, कॉम्प्युटर सगळं संघप्रिया सांभाळायची. फोटोला कड लावणं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. फोटोशॉपमध्ये कागद चारी अंगांनी अर्धा अर्धा इंच वाढवायचा, रंग पांढरा निवडायचा, झालं. चहा निवायच्या आत काम संपतं.

तिनं सीडी लावली. मांडवात दोन म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. सारख्याच अंजिरी इरकल साड्या, सारखे जाड भिंगाचे चष्मे, कपाळावर भस्म. संघप्रियानं डावीकडची घेतली, तेवढी कापली, कड लावली आणि छापायला लॅबला पाठवली.

मंगळवारी महालिंग आला. फोटो काउंटरवर ठेवून त्यानं आधी डावा पंजा फोटोच्या मधोमध पालथा टाकला. म्हातारीचं तोंड पार झाकलं गेलं. मग त्यानं पट्टी काढली.

"हिकडं बारा मिलिमीटर. हिकडं नऊ."

"असं कसं होईल? कॉम्प्युटरवर सारखी आहे."

"कॉम्प्युटर भिंतीला टांगायचा न्हाय मला."

चूक लॅबच्या मशीनची होती. ते छापताना कडेचा थोडा भाग खातं आणि कुठल्या बाजूचा खाईल याचा भरवसा नसतो. संघप्रियानं दुसरी प्रत मागवली. बुधवारी उजवी-डावी बाजू जमली, पण वरची कड खालच्यापेक्षा रुंद झाली. पुन्हा तो पालथा पंजा, पुन्हा पट्टी. गुरुवारी तर फोटोच तिरका आला. चौकटीतून बाहेर पडायला म्हातारीनं एक खांदा पुढं घातलाय असं वाटावं, असा.

सयाजी हसला. "म्हातारीला चौकटीत बसायचं न्हाय गं. मनात काय तरी र्‍हायलंय तिच्या."

"गप बसा हो तुम्ही."

ती बोलली खरी, पण तिनं फोटो पालथा घातला. तीन दिवस ते तोंड मोठं करून करून तिनं कडा जुळवल्या होत्या. भिंगाआडचे ते डोळे पडद्यावर बशीएवढे व्हायचे, आणि ती खुर्ची कुठंही सरकवो, तिच्याकडंच बघत राहायचे. बुधवारी तिला वाटलं, ओठ जरा मुडपलेत. काल तर असे नव्हते. तिचे वडील भाऊसो पेठ वडगावात शाळामास्तर होते. भूतबीत काही नसतं, हे त्यांनी तिला बाराखडीच्या आधी शिकवलं होतं. शुक्रवारी ती स्टुडिओतून उठली, वडिलांना फोन केला आणि विचारलं, "आप्पा, नक्की नसतं ना?"

"काय नसतं?"

"काही नाही. जेवलात का?"

शेवटी तिनं युक्ती केली. मोठ्या कागदावर फोटो छापून घेतला आणि जादा भाग स्वतः ब्लेडनं कापला. चारी बाजू मोजल्या. बारा, बारा, बारा, बारा. काळ्या चौकटीत काच बसवली, सयाजीनं वर चंदनाचा हार घातला. महालिंगला फोन केला, तर तो म्हणाला, "मी हितं मांडवाच्या गडबडीत हाय. उद्या दुपारी घरचं माणूस येऊन न्हेईल."

शनिवारी दुपारी वीज गेली. ऊन आत येऊ नये म्हणून शटर अर्धं ओढलेलं. सयाजी बिद्रीला लग्नात. पंखा बंद, रस्ता सामसूम, आणि काउंटरवर भिंतीला टेकून उभा तो फोटो. संघप्रियानं त्याला पाठ करून डबा उघडला.

शटरखालून आधी दोन पाय दिसले. अनवाणी, भेगाळलेले पाय. मग अंजिरी साडीचा काठ. मग कुणीतरी वाकून आत आलं आणि सावकाश ताठ उभं राहिलं. जाड भिंगाचा चष्मा. कपाळावर भस्म.

"फोटो न्यायला आलोय," ती म्हणाली.

संघप्रियाच्या हातातली भाकरी डब्यात पडली. "कु... कुणाचा?"

"कुरुंदवाडच्या शांतादेवीचा. झाला न्हवं? मला जायाचंय. येळ झाला."

पळायचं तर वाट त्या बाईच्या अंगावरूनच जात होती. तीन वेळा फोटो परत आला, चौथ्या वेळेला म्हातारी स्वतः तपासायला आली, एवढंच तिला सुचलं.

"कड सारखी आहे आजी," ती कशीबशी म्हणाली. "चारी बाजूंनी. मोजून बघा."

"बघू दे की."

म्हातारी काउंटरशी आली. तिनं चौकट उजेडाकडं धरली. चष्मा वर केला, खाली केला. मग काचेत दिसणाऱ्या चेहऱ्याकडं आणि काचेआडच्या चेहऱ्याकडं आळीपाळीनं ती पाहत राहिली.

"पोरी," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ह्यो मी हाय."

"हो."

"पर मी मेलो कवा?"

यावर काय उत्तर द्यायचं हे भाऊसोंनी शिकवलं नव्हतं. संघप्रिया किंचाळली. तिची किंचाळी ऐकून म्हातारी तिच्या दुप्पट किंचाळली आणि मटकन स्टुलावर बसली. स्टूल करकरलं. भुताच्या वजनानं स्टूल करकरत नाही, हे संघप्रियाच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. म्हातारी घटाघटा पाणी प्यायली. निम्मं पदरावर सांडलं, तेव्हा संघप्रियाचाही जीव भांड्यात पडला.

ती शांतादेवीची धाकटी बहीण गंगव्वा होती. लेकीकडं शाहूपुरीत राहायची. तिला चिगव्वा म्हणणाऱ्या भाच्यानं, महालिंगनं, सांगितलं होतं, "चिगव्वा, येताना फोटो घिऊन ये," म्हणून ती एस.टी.च्या आधी इकडं आली होती. वर्षाच्या कार्याला नेसायला बहिणीच्या जोडीनं घेतलेली साडी काढली होती, एवढंच.

संघप्रियानं कुरुंदवाडला फोन लावला.

"डावीकडची म्हणालो की मी!" महालिंग ओरडला. "दोघी वळीनं बसल्यावत्या. उजव्या हाताला अव्वा... न्हाय, थांबा. चिगव्वा. अव्वा डाव्या हाताला."

"त्या बसल्या होत्या तशी डावी. फोटोत ती उजवी होते, दादा. पण तुम्ही तीन वेळा येऊन बघितलंत की!"

"म्या तोंड बघितलं न्हाय," तो म्हणाला. "बघवंना. हात ठेवला आणि कडच मोजत बसलो."

गंगव्वानं तिच्या हातातून फोन घेतला. "रडू नगंस रं. मी आणतो अक्काला. तू हुग्गीची खीर ढवळायला माणूस लाव." आणि तिनं फोन ठेवून दिला.

दोन वाजता वीज आली. तीनची एस.टी. संघप्रियानं मूळ फोटो उघडला आणि या वेळी उजवीकडची म्हातारी कापून घेतली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, शांतादेवीच्या मांडीवर एक हात राहिलाय. गंगव्वाचा डावा हात. मनगटापर्यंत कडेतून आलेला, पुढं माणूस नाही.

"हा पुसायला दोन तास लागतील, आजी."

गंगव्वा पडद्याकडं बघत होती. "पुसू नगंस. त्या दिशी तिनं धरून ठिवलावता. सोडंना."

दुकानातल्याच प्रिंटरवर फोटो छापला. घाईत डावी कड चांगली दुप्पट आली. नवी चौकट, नवा हार. पहिली चौकटही गंगव्वानं पिशवीत टाकली. "माझाच हाय न्हवं? मग ठिवून काय करणार तू?"

रविवारचा दिवस संघप्रियाचा धाकधुकीत गेला. सोमवारी सकाळी दुकान उघडलं आणि फोन वाजला. महालिंगच होता.

"कड एका बाजूनं जास्त आलीया."

"दादा, वेळच नव्हता. मी परत—"

"र्‍हाऊ दे. बघितलं मी तोंड. काल दिवसभर बघत हुतो." तो खाकरला. "अडचण येगळीच झालीया. चिगव्वानं आपलाबी फोटो शेजारी लावून घेतला. म्हणती, माझी कड अक्कापेक्षा सरळ हाय. आमचं शेजारी ज्ञानू आण्णा आलं. नजर अधू. दोन्ही फोटोंस्नी फुलं वाहिली आणि पाया पडलं. तवर मागनं चिगव्वा हुग्गीचं भांडं घिऊन आली आणि म्हणाली, 'सुखी र्‍हा.' आण्णांनी वळून बघितलं."

"मग?"

"कालपासनं अंथरुणाला खिळल्यात. ताप हाय. चिगव्वा समजूत घालाय गेली, तर त्यांनी आतनं कडी घातली. आता सांगत्यात, ती जिती असली तर आजच्या तारखेचा पेपर हातात धरलेला फोटो दावा. ती येतीया तुमच्याकडं अकराच्या गाडीनं."

संघप्रिया हसू दाबत म्हणाली, "काढते की. आणि कड? पांढरीच, चारी बाजूंनी सारखी?"

"अजिबात नगो!" महालिंग फोनमधून ओरडला. "ह्याला कडच नगो!"