चेसीला जोड हाय

हमीदचाचांनी आमच्या जुन्या जीपच्या बॉनेटवर खडूनं सहा ओळी लिहिल्या होत्या. त्यातली चौथी मी ओल्या रुमालानं पुसली. मी शिक्षक आहे, फळा पुसायची सवय आहे. पण हे काही कारण होऊ शकत नाही.

बीडहून पालीकडं जाताना चाचांचं पत्र्याचं शेड लागतं. शौकिनांना जुन्या गाड्या विकायचा त्यांचा धंदा. बाकीचे डीलर गाडीला रंग मारतात, लिंबू-मिरची बांधतात आणि सांगतात, "एकच मालक, सगळं ओरिजिनल." चाचा मात्र गाडीचे दोष तिच्याच बॉनेटवर लिहितात. 'मालक म्हणतो दुसरा हाय, पण सहावा हाय.' 'रंग नवा हाय, खाली खरवडून बघा.' 'पाऊस आत येतो.' गिऱ्हाईक वाचायला लागलं की चाचा समोरच्या हॉटेलात चहाला जातात. "डोक्यावर उभं ऱ्हायलं की मानूस नीट वाचत न्हाई." परत आल्यावर एकच प्रश्न: "समदं वाचलं?" हो म्हटलं तरच भाव सांगणार.

एकदा आष्टीकडच्या एका पुढाऱ्यानं गाडी विकायला ठेवली. बॉनेटवर 'मीटर मागं फिरवलंय' वाचून तो भडकला. "चाचा, कावून माझी इज्जत घालवता? पुसा ते!"

"सायेब, कुनी फिरवलं ते कुटं लिवलंय?"

हॉटेलातली माणसं आठवडाभर हसत होती. पुढारी गाडी घेऊन गेला.

आमची जीप वडिलांची. मी एकदा ती उलटवली होती, तेव्हा चेसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, वेल्डिंग करावं लागलं. वडील गेल्यावर मी ती चाचांकडं दिली. त्यांनी गाडीखाली झोपून पाच मिनिटांत ते हुडकलं आणि लिहिलं, 'चेसीला जोड हाय. लांब नेऊ नका.' तेवढं वाचून दोन गिऱ्हाइकं परत गेली. मला तर दारात नवी कार उभी करायची होती. पुण्याचे एक डॉक्टर येणार असं कळलं, तेव्हा मी आधी जाऊन चाचांच्या नकळत त्या ओळीवर रुमाल फिरवला.

"समदं वाचलं?" चाचांनी विचारलं.

"सगळं," डॉक्टर म्हणाले. जीप गेली.

महिन्याभरानं डॉक्टर परत आले. पुण्याच्या मेकॅनिकनं त्यांना जोड दाखवला होता. "खडूचं नाटक करता आणि जिवावरचं तेवढं लपवता? पोरंबाळं बसवून घाटातून नेली मी ही गाडी!"

मी समोर हॉटेलात बसलो होतो. चाचांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "लिवायचं ऱ्हायलं माझ्याकडून. गाडी वापस घेतो."

मी चहा संपवला आणि घरी गेलो.

तेव्हापासून टोमणे सुरू झाले. "काय चाचा, आज काय लिवायचं ऱ्हायलं?" बॉनेट कुणी वाचेना. चाचांनी हॉटेलात यायचं सोडलं. घरी कुणी नाही. दोन शब्द बोलायला त्यांना तेवढंच ठिकाण होतं. मी दोन महिने दुसऱ्या रस्त्यानं शाळेत जात होतो.

शेवटी गेलो. चाचांनी बसायला स्टूल दिलं.

"तुम्हाला कळलं होतं ना चाचा?"

"डॉक्टर परत आले तवा कळलं."

"मग माझं नाव का नाही घेतलं?"

"बापाच्या गाडीचा ऐब लिवलेला कोन्या पोराला बघवंल, मास्तर? माझे अब्बा गेलते तवा त्यांच्या सायकलीला मी कुनाला हात लावू दिला न्हाई. तुमाला लई दुखलं असंल. म्हनलं, जाऊ द्या."

मी गप्प राहिलो असतो तर ते तसंच समजत राहिले असते, आणि मी सुटलो असतो.

मी उठलो, त्यांचा हात धरून हॉटेलात नेलं. रोजची मंडळी बसली होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "चाचांनी लिहिलं होतं. मी पुसलं. वडिलांच्या मायेपोटी नाही, गाडी लवकर खपावी म्हणून. डॉक्टरांनाही सकाळी फोन करून हेच सांगितलंय. चाचा, मला माफ करा."