पहिला गेम फुकट

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास धुळ्याचे लीलाधर पाटील पिंप्राळ्यातल्या एका व्हिडिओ गेमच्या दुकानात मेले. पडद्यावर दहाचा आकडा आला, मग नऊ, मग आठ. आकडा तीनवर असताना त्यांचे सासरे जीवरामनाना यांनी मशीनच्या फटीत रुपयाचे नाणे टाकले आणि लीलाधर उठून पुन्हा गुंडांना मारू लागले.

लीलाधर हे नानांचे थोरले जावई, धुळ्याला एका कचेरीत कारकून. लग्नाला तीन वर्षे झाली होती, तरी सासुरवाडीत ते अजून लोडाला पूर्ण टेकून बसत नसत. त्या दिवशी त्यांच्यावर एक जबाबदारी होती. धाकटी मेहुणी प्रमिला हिला पाहायला त्यांच्याच ओळखीचे धरणगावचे लोक दुपारी येणार होते आणि मध्यस्थ म्हणून बोलणे त्यांनाच करायचे होते. मुलाचे वडील सुपडूआप्पा यांनी आधीच निरोप पाठवला होता : देण्याघेण्याचे नाव काढू नका, आम्हाला काही नको. हे वाक्य नाना महिनाभर भेटेल त्याला ऐकवत होते. प्रमिलाने एकदाच विचारले होते, "काही नको म्हणजे नेमकं काय काय नको?"

जेवणाआधी लीलाधर सुपारी आणायला म्हणून बाहेर पडले आणि कोपऱ्यावर एका पाटीसमोर थांबले. 'पहिला गेम फुकट', असे पाटीवर होते. दुकान अभयकुमारचे. त्याचे वडील प्रकाशचंद यांची जळगावच्या बाजारात कापडाची पेढी. गिऱ्हाईक गादीवर टेकले की आधी थंड पाणी, मग चहा, मग साड्या, हे अभयकुमारने लहानपणापासून पाहिले होते. पाणी प्यालेले गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हाताने उठत नाही. पहिला गेम हे अभयकुमारचे पाणी होते.

लीलाधर फुकट म्हणून खेळले आणि थोड्याच वेळात मेले. ते निघणारच होते. घाम पुसायला म्हणून त्यांनी रुमालासाठी खिशात हात घातला, आणि नेमके त्याच वेळी त्यांना जेवायला बोलवायला आलेले नाना दारात उभे राहिले.

"हे काय मोजून राहिलं?" नानांनी पडद्याकडे पाहत विचारले.

"नाना, पाहुणे मेले. रुपया टाकला तर जिथं मेले तिथून पुढं," अभयकुमार म्हणाला.

"आन् नाही टाकला तर?"

"काही नाही. खेळ पहिल्यापासून. पहिला तर फुकटच आहे."

दुसरा कोणी असता तर या उत्तरावर थांबला असता. पण दिवस आखाजीचा होता, आणि जावयाचा हात खिशात गेलेला नानांनी डोळ्यांनी पाहिला होता. सणाला आलेल्या जावयाने स्वतःचा पैसा काढायचा म्हणजे सासऱ्याने गावात तोंड दाखवायचे नाही. नानांनी नाणे टाकले आणि अभयकुमारला बजावले, "जावईबापूंकडून काही घ्यायचं नाही. मी उभा आहे."

सासऱ्याने टाकलेले नाणे तसेच सोडून निघणे बरे दिसत नाही, म्हणून लीलाधर खेळले. मेले. नानांनी दुसरे नाणे टाकले.

"नाना, राहू द्या ना," लीलाधर म्हणाले.

पण जावई दुसऱ्या पुरणपोळीलाही राहू द्याच म्हणतो. म्हणून कोणी वाढायचे थांबत नाही. नानांनी नोट मोडून नाणी घेतली.

तासाभराने लीलाधरची बायको लता आली. जावई जेवल्याशिवाय घरात कोणी ताटावर बसत नसे, आणि तिची आई झुंबरबाई सकाळपासून खापरावरच्या पोळ्या करून, आमरसाचे पातेले ओल्या फडक्याने झाकून बसली होती.

"अहो, उठा आता. सगळे उपाशी आहेत."

"नाना नाणं घेऊन मागं उभे आहेत," लीलाधर ओठ न हलवता म्हणाले. "त्यांची हौस दिसते. माझा अंगठा सुजला."

लता वडिलांकडे वळली. "नाना, पुरे करा. त्यांना भूक लागली."

"ते म्हणले का तसं?"

"ते कसे म्हणतील?"

"मग? आखाजीच्या दिवशी जावयाले खेळातून उठवू का मी? सात पिढ्या ऐकावं लागेल."

लताने दोघांकडे पाहिले. मग ती घरी गेली आणि आईला तिने सांगितले की दोघांची प्रकृती चांगली आहे आणि दोघांपैकी कोणी येणार नाही.

एव्हाना दुकानात रोजचे खेळणारे खोळंबले होते. त्यांच्यात कॉलेजात जाणारा झुलाल हा सर्वांत जुना.

"मी पहिला फुकट खेळतो, मेलो की परत रांगेत," झुलाल म्हणाला. "आजवर याला रुपया दिला नाही. या पाहुण्यांनी रांगच बंद पाडली."

"खेळता येत नाही त्यांना," दुसरा म्हणाला. "पण ज्याच्यामागं नाना, तो मरतच नाही. मग खेळ कशाचा राहिला? आपण शिकून मेलो."

अभयकुमारने हे शांतपणे ऐकून घेतले. "झुलालभाऊ, तू दोन महिने फुकट खेळतो. तुझं लाइटबिल कोण भरतं? हे नाना भरतात. पाया पड त्यांच्या."

झुलाल पाया पडला नाही, पण त्याने नानांना बसायला स्टूल दिले.

तिसऱ्या प्रहरी धरणगावची मंडळी नानांच्या घरी पोचली. घरात पुरुषमाणूस नव्हता. मुलगी दाखवायची होती, पण दाखवणारा मध्यस्थ आणि मुलीचा बाप दोघेही कोपऱ्यावर होते. झुंबरबाईंनी सरबत दिले आणि बाहेर बोट दाखवले. सुपडूआप्पा आणि त्यांचा मुलगा रुपचंद चालत दुकानात आले.

रुपचंद नाशिकला शिकून आला होता आणि या विषयात त्याला मत होते. नमस्कार झाल्यावर त्याने थोडा वेळ पडदा पाहिला.

"नाशिकला आधी रुपया घेतात," तो म्हणाला, "पण मग मरेपर्यंत खेळ आपला. इथं आत फुकट सोडता आणि दर मरणाला रुपया. हा जकातनाका आहे. आणि गुंड इतके तगडे कसे? मशीनच्या आत बटण असतं, त्यानं खेळ अवघड होतो."

"कंपनीतून तसंच येतं," अभयकुमार म्हणाला आणि फडक्याने मशीनची काच पुसू लागला.

"कोणी शहाणा माणूस इथं दुसरा रुपया टाकणार नाही," रुपचंद म्हणाला.

स्टुलावर बसलेल्या नानांच्या हातात नाणे होते. लीलाधरना मध्यस्थ या नात्याने काहीतरी करणे भाग होते. ते म्हणाले, "रुपचंदभाऊ, तुम्हीच दाखवा ना मग. दोघांना खेळता येतं."

रुपचंद मशीनच्या दुसऱ्या दांडीपाशी उभा राहिला. पहिला डाव त्यालाही फुकट मिळाला. तो लीलाधरपेक्षा जरा उशिरा मेला. पडद्यावर दहाचा आकडा आला. रुपचंदचा हात खिशाकडे गेला नाही, पण नजर पडद्यावरून हलेना. होणाऱ्या जावयाला थोरल्यापेक्षा कमी लेखले असे उद्या कोणी म्हणायला नको, म्हणून नानांनी त्याच्याही नावाने नाणे टाकले. रुपचंदचे मत त्यानंतर ऐकू आले नाही.

सुपडूआप्पा दुसऱ्या स्टुलावर बसून पाहत होते. पडद्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. ते नानांच्या हाताकडे पाहत होते. आकडा सुरू झाला की हात उठायचा, फटीपर्यंत जायचा, रिकामा परत यायचा. नानांना आता विचारावेही लागत नव्हते.

"नाना," आप्पा म्हणाले, "आमले काही नको, हे तं तुमले माहीतच शे. देवानी बठ्ठं देयेल शे."

"सगळं असून काही मागत नाही, तुमचा मोठेपणा, आप्पा."

"फक्त पोरगा नोकरीले रोज जळगावले ये-जा करी. एखादी मोटारसायकल राहिनी तं बरं."

लीलाधर मेले. नानांनी नाणे टाकले.

"आनि लगीन तेवढं जळगावले, कार्यालयात. बाकी आमले काही नको."

रुपचंद मेला. नानांनी नाणे टाकले.

"दागिनं तुमच्या पोरीले तुम्ही घालशातच. त्यानं काय सांगाचं?"

पडद्यावर शेवटचा गुंड आला होता. झुलाल रांग विसरून पुढे सरकला. लीलाधर आणि रुपचंद यांनी त्या गुंडाला दोन्ही बाजूंनी धरले होते आणि आता एकच ठोसा बाकी होता, असे झुलालचे म्हणणे. त्याच क्षणी लाइट गेली.

पंखा हळूहळू थांबला. काळ्या काचेत दोन्ही जावई, एक झालेला आणि एक न झालेला, आपापल्या दांड्या धरून उभे दिसत होते.

"लाइट आली की पहिल्यापासून," अभयकुमार म्हणाला. "पहिला फुकट."

लीलाधरनी दांडी सोडली आणि कोणाकडे न पाहता घराकडे चालू लागले. उशिरा का होईना, पंगत बसली. आमरस कोमट झाला होता. लीलाधर पहिल्यांदाच लोडाला पूर्ण टेकून बसले. जेवणानंतर प्रमिला पाहुण्यांसमोर येऊन गेली. आप्पांनी पसंती सांगितली, मोटारसायकलीचा रंग काळा असला तर बरे, असे जाता जाता म्हटले आणि उत्तरासाठी दहा दिवसांची मुदत दिली.

"घाई नई. दहा दिन शेत तुमनाजोडे. आमले दुसरीकडूनबी विचारणा शे."

लता आणि लीलाधर दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने धुळ्याला गेले. लीलाधरच्या अंगठ्याला हळदीचा लेप होता. नाना ओट्यावर बसले होते. प्रमिलाने त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला.

"नाना," ती म्हणाली, "नऊ."

नानांचा हात सवयीने खिशात गेला. नाणे टाकले नाही तर काय होते, हे अभयकुमारने त्यांना आधीच सांगितलेले होते : काही नाही. हाती आलेल्या शेवटच्या माहितीनुसार हात अजून खिशातच आहे.