भावाच्या भूमिकेत नवरा

माझी बायको सुमती हिच्या भुलाबाईच्या गाण्याचा व्हिडिओ काढावा, हे मला सुचलं. (सुचण्याची मला जुनी खोड आहे. ऑफिसात मी काही सुचवायला लागलो की साहेब उठून चहाला जातात.)

गाणं तिला तिच्या आईनं शिकवलेलं. सासुरवाशीण दारात उभी आहे, भाऊ न्यायला येतो म्हणाला होता, अजून आलेला नाही. बस, एवढंच. पण दर वर्षी आमच्या नालवाडीत भुलाबाईपुढे बाया जमल्या आणि सुमतीनं हे गाणं धरलं, की सगळ्यांचे पदर डोळ्यांना लागायचे. कुणाला समुद्रपूरचा भाऊ आठवायचा, कुणाला भांडून बोलणं टाकलेला. त्या रडण्याचा सुमतीला भारी अभिमान.

"आजकाल गाणं नुसतं ऐकतं कोण? काहीतरी दिसलं पाहिजे!" मी म्हणालो.

"ज्याले जे पायजे ते दिसतेच न! तुमी काऊन उगाच हात लावता?"

मी हात लावला. माझा मेहुणा अंकुश हिंगणघाटला लग्नांचे व्हिडिओ काढतो, त्याला बोलावलं. खरा भाऊ कॅमेऱ्यामागे अडकला. मग गाण्यातला भाऊ कोण? शेजाऱ्याची बैलगाडी, उसना फेटा आणि मी.

"भाऊजी, गाडी हाकता येते न?"

"त्यात काय हाकायचं? बैलांना रस्ता माहीत असतो."

बैलांना माहीत होता, पण गोठ्याचा. ते एकदम वळले, फेट्याचं टोक चाकात गेलं, आणि सुमती दारात डोळे लावून उभी असताना तिचा भाऊ गरगर फिरत शेणाच्या ढिगात उतरला.

"हे काढून टाक बाबा," मी उठता उठता म्हणालो.

"काऊन? हेच तर पाह्यतीन लोक!"

त्यानं लग्नात हार घालताना लावतात तो स्लो मोशन लावला, वरून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या आणि मला वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा पुन्हा पाडलं. व्हिडिओ घरोघर पोचला.

भुलाबाई बसली. सुमतीनं गाणं धरलं. भावाची ओळ जवळ आली तसे बायांचे पदर डोळ्यांऐवजी तोंडाला लागले.

"डोळे मिटून ऐका न व!" सुमती काकुळतीला आली.

"मिटलेच होते व माय," शेजारच्या वच्छलाबाई कशाबशा म्हणाल्या, "मिटले का तुमचे मिस्टर अजूनच साफ दिसतेत!"

आधी प्रत्येकीला आपापला भाऊ दिसायचा. आता सगळ्या जणींना मिळून एकच दिसत होता, शेणातला. सुमतीनं गाणं अर्ध्यात सोडलं. घरी येऊन ती रडली, आणि मला खरंच फार वाईट वाटलं.

"आईनं देल्लं होतं ते गानं," ती म्हणाली. "आता कोनासमोर म्हनू?"

मला पुन्हा सुचलं. आईसमोरच! सासूबाईंकडे, म्हणजे सुलोचनाबाईंकडे, बटनांचा साधा फोन. त्यांनी व्हिडिओ पाहिला असणं शक्यच नव्हतं. रविवारी सुमतीला हिंगणघाटला नेलं. ती गायला लागली, सासूबाईंनी डोळे मिटले. भावाची ओळ आली. हसू नाही! उलट त्यांच्या गालांवर धारा लागल्या. ते पाहून सुमतीचा आवाज असा मोकळा झाला की मलाही भरून आलं.

गाणं संपताच मी पुढे सरसावलो. "पाहा आई, व्हिडिओ न पाहता नुसतं ऐकलं, म्हणून रडू आलं न?"

"पाह्यला न जवाईबुवा. अंकुशनं टीव्हीवर लावून देल्ला होता." त्यांनी नाक पुसलं आणि सुमतीला जवळ ओढलं. "डोळे मिटले का तोच दिसते. कोनाच्या घरी देल्ली व माय म्या तुले!"