शंभर टक्के सुरक्षित कमलबाई

ज्याच्याकडे ई-मेल नाही, त्याला ई-मेलमधून फसवता येत नाही. या न्यायाने आमच्या गावातली सहाशे बारा माणसं परवा-परवापर्यंत संपूर्ण सुरक्षित होती. परंतु ही सुरक्षितता कुठल्याही कागदावर नव्हती, आणि जे कागदावर नाही त्याचा अहवाल वर पाठवता येत नाही.

म्हणून गावात ‘सायबर सुरक्षित गाव’ मोहीम आली. (सुरक्षेच्या कारणास्तव मी गावाचं नाव सांगत नाही. म्हसावदच्या पुढे पपईच्या बागा संपल्या की डावीकडे वळावं, पहिला चहावाला बरोबर दाखवतो.) निवृत्त मुख्याध्यापक या नात्याने समितीचं सचिवपद माझ्याकडे चालत आलं. कामावर विश्वास असलेला माणूस मी. नाही म्हटलं नाही.

पहिल्याच बैठकीत अडचण दिसली. फसव्या ई-मेलपासून लोकांना वाचवायचं, तर आधी लोकांना ई-मेल हवा. सेवा केंद्र चालवणाऱ्या धीरजने चार दिवसांत सहाशे अकरा ई-मेल काढले. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला असता तर लोक विसरले असते, म्हणून सगळ्यांना एकच दिला: गावाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. (हसू नका. तुमच्या पासवर्डात तुमच्या मुलाचं नाव आहे.) कारभारात पारदर्शकता असावी म्हणून सर्वांची नावं, ई-मेल पत्ते आणि हा पासवर्ड ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून घेतला. शेजारी सूचना लिहिली, ‘पासवर्ड कोणालाही सांगू नये.’ तिचं पालन आजपर्यंत होतं आहे. कोणी कोणाला सांगत नाही, भिंत दाखवतात.

खरा मेल आणि खोटा मेल यातला फरकही आम्ही शिकवला. ‘तात्काळ कार्यवाही करा, अन्यथा आपणांस जबाबदार धरण्यात येईल’ असं असेल तर मेल खरा. ‘कृपया’ असेल, शुद्धलेखन नीट असेल आणि शेवटी आभार मानले असतील, तर तो शंभर टक्के चोराचा.

राहिली एक कमलबाई. ‘माले नको,’ ती म्हणाली. ‘मन्हं पत्र उनं ते भटू पोस्टमन वाची देस. तो चष्मा लावस नि चहा पेस. त्या मेलले चहा लागस का?’

याला मी अडाणीपणा म्हणणार नाही, आडमुठेपणा म्हणतो. एका बाईमुळे गाव शंभर टक्के होत नव्हतं. शेवटी धीरजने तिच्या घरकुलाच्या फाइलवरून माहिती घेऊन तिचा ई-मेल तिच्या गैरहजेरीत काढला. भिंतीवर सर्वांत खाली, ओल्या रंगात, तिचं नाव चढलं. शंभर टक्के झाल्याबद्दल गावाला गौरवाची ढाल मिळाली. ढाल घेऊन भिंतीसमोर आमचा फोटो निघाला आणि धीरजने तो जिल्हाभरच्या सगळ्या गटांवर टाकला. फोटो फार स्पष्ट आला होता. भिंतीवरचं अक्षरन् अक्षर वाचता येत होतं.

कमलबाईचं घरकुल तेव्हा जोत्यापर्यंत आलं होतं. पुढच्या हप्त्यावर भिंती उठायच्या होत्या. तोवर ती दोन शेळ्यांसह ताडपत्रीखाली राहत होती.

फोटोनंतर अकराव्या दिवशी एक दुसरी कमलबाई अस्तित्वात आली. ती कुठे राहते ते अजून कळलेलं नाही, पण तिच्याविषयी वाईट बोलणं मला जमणार नाही. तिने ऑनलाइन सुरक्षा परीक्षा दिली आणि शंभरपैकी शंभर गुण मिळवले. (मला एकोणसाठ होते.) प्रमाणपत्र घेतलं. ते जोडून तिने मोबाइल नंबर आणि बँक खातं बदलण्याचा विनंतीअर्ज केला. अर्जात एकही चूक नव्हती. कार्यालयाने तो एका दिवसात मंजूर केला. खऱ्या कमलबाईचा घरकुलाचा अर्ज सात महिने पडून होता, कारण तिने तो निळ्याऐवजी काळ्या शाईने भरला होता.

हप्ता आला नाही तेव्हा कमलबाई तालुक्याला गेली. सोबत मी होतो. कार्यालयातले उमाकांत साहेब अत्यंत नियमाचे. ‘आपण कमलबाई असल्याचा ओटीपी सांगा,’ ते म्हणाले. ओटीपी दुसऱ्या कमलबाईकडे गेला. मग साहेबांनी माणुसकी म्हणून तोंडी प्रश्न विचारले.

‘जन्मतारीख?’

‘तारीख कोनले माहीत, सायेब? तापीले मोठा पूर उना व्हता, त्या सालनी मी.’

उत्तर चूक होतं. बरोबर उत्तर एक जून. दुसऱ्या कमलबाईने ते स्क्रीनवर आधीच बरोबर लिहिलेलं होतं. (ही तारीख शाळेच्या दाखल्यात माझ्या आधीच्या गुरुजींनी दिली. पुढे मीही दिली. आमच्या गावातली निम्मी माणसं एक जूनला जन्मली आहेत.) गुण मोजले. खरी कमलबाई पाचपैकी एक, दुसरी पाचपैकी पाच. साहेबांनी समोर बसलेल्या बाईपुढे ‘संशयित’ अशी नोंद केली आणि दुसरीला तातडीने सावधगिरीचा मेल धाडला: ‘आपल्या नावाने एक महिला कार्यालयात येऊन गेली. सतर्क राहावे.’ लगेच उत्तर आलं, ‘धन्यवाद महोदय. आपल्यासारखे अधिकारी आहेत म्हणून आम्ही निश्चिंत आहोत.’

साहेबांना भरून आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी असं लिहिलं नव्हतं.

परतताना आम्ही फाट्यावर उतरलो. कमलबाई म्हणाली, ‘गुरुजी, ती बाई मन्हापेक्षा चांगली कमलबाई शे का?’

मी सचिव होतो. भिंतीवरचं शेवटचं नाव माझ्या देखरेखीत रंगवलं गेलं होतं. मला लाज वाटली. अहवालात त्यासाठी रकाना नाही, म्हणून इथे लिहितो.

सोमवारी गावातून ट्रॅक्टरची ट्रॉली निघाली. तीत एक्केचाळीस बायका होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, अर्ज कोणी केला नव्हता, आणि त्या दिवशीची मजुरी प्रत्येकीने सोडली होती. त्या कमलबाईला घेऊन कार्यालयात शिरल्या आणि फरशीवर बसल्या.

‘हाई मन्ही देरानी शे,’ पहिली, तिची थोरली जाऊ, म्हणाली. ‘हिना लगनमा हळद मी लावेल शे,’ दुसरी म्हणाली. तिसरी म्हणाली, हिच्या डाव्या पायाला विंचू चावला तेव्हा मीच उतरवला. साहेबांनी पुरावा मागितला. कमलबाईने डावा पाय टेबलावर ठेवला. सव्विसावी बोलत असताना साहेबांनी घड्याळ पाहिलं, तेव्हा एकतिसावीने भाकरीचं फडकं सोडलं आणि साहेबांना आग्रह केला. नियमात बसेना, पण भूक लागली होती.

दुपारी तीन वाजता एका कोऱ्या कागदावर साहेबांनी स्वतः रेघा मारल्या, वर ‘ओळखणारी माणसे’ असं लिहिलं आणि खाली एक्केचाळीस अंगठे घेतले. खातं पूर्ववत झालं. महिन्याभराने हप्ता आला, भिंती उठल्या, शेळ्यांना ओटा मिळाला. (दुसऱ्या कमलबाईचं प्रमाणपत्र रद्द करता आलं नाही. ते नियमानुसार मिळालेलं आहे.)

हा कागद वरच्यांना इतका आवडला की त्याचं आता रीतसर प्रपत्र झालं आहे. एक कोरं मी तुमच्यासाठी ठेवलं आहे. तुमची जन्मतारीख, नंबर, मुलाचं नाव हे सगळं दुसऱ्या कोणाकडे आहेच, ते भरू नका. फक्त तुम्हाला चेहऱ्याने ओळखणाऱ्या आणि तुम्ही तुम्हीच आहात एवढं सांगायला मजुरी बुडवून ट्रॉलीत बसतील अशा एक्केचाळीस माणसांची नावं लिहा.

पहिल्या ओळीत शेजारच्या दारातल्या माणसाचं नाव टाका. आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, ते कोणीही वाचेल. पहिलं नाव लिहायचं आहे.