सावर गिळणारं यंत्र

मलकापूरची सावर, म्हणजे गादीत भरायचा रेशमी कापूस, सात किलो.

वायर नसलेलं एक यंत्र.

बाळाबाईंचा पानाचा डबा.

शंभर ग्रॅम.

जोडा बघू! नाही जुळत? त्या दिवशी मलाही जुळलं नव्हतं.

मी सिकंदर पिंजारी. कोल्हापुरात आम्ही तीन पिढ्या गाद्या भरतोय. छाती ठोकून सांगतो, मी पारखल्याशिवाय आमच्या दोन खोल्यांत सुईसुद्धा शिरत नाही! पण कापूस पिंजून घरात कायम धुरळा. तेव्हा सत्त्याऐंशी साली ठरवलं, धूळ ओढायचं यंत्र घ्यायचं.

बायको मेहमुदा म्हणाली, "कशाला? झाडते की मी!"

नवी वस्तू, आणि बायको नको म्हणते? मला तिथंच संशय आला.

विक्रेता आकाराम दोन यंत्रं घेऊन आला. एक वायरचं, एक बिनवायरचं.

"वायर न्हाय, मग चालतंय कशावर?"

"बॅटरीवर! ल्हान घराला हेच बरं. वायर पायात येत न्हाय."

"तू बरं म्हणतोस, म्हणजे कायतरी खोट हाय!"

आता बाळाबाई. नातीच्या लग्नाची गादी त्यांनी माझ्याकडं टाकलेली, सात किलो सावर समोर तोलून घेऊन. आमच्या धंद्यात गादी भरून होईपर्यंत गिऱ्हाईक समोर बसतं. पिंजाऱ्यानं कापूस मारू नये म्हणून! बाळाबाई तर डोळेसुद्धा पाळीपाळीनं मिटत.

आकारामनं बटण दाबलं. घुर्रर्र! धूळ राहिली जागेवर. शेजारच्या ढिगातली सावर, हत्तीनं पाणी ओढावं तशी, नळीत!

"चोर!" बाळाबाई उठल्या. "वायर न्हाय ती एवढ्यासाठीच व्हय? घिऊन पळायला!"

"मावशी, चुकून..."

"तागडी आण!"

यंत्राची पिशवी ढिगावर उलटी केली. सगळं तोललं. सात किलो, वर शंभर ग्रॅम! मी हसलो.

"हसतोस काय? ज्यादा कुणाची? दुसऱ्याची मारलेली माझ्या नातीच्या गादीत घालतोस?"

दारात गल्ली जमली. तीन पिढ्यांचं नाव शंभर ग्रॅमात बुडायची वेळ!

"घ्या घराची झडती!" मी म्हणालो. म्हणायला नको होतं.

बाळाबाईंनी यंत्रच हिसकावलं. "सावर ओढतंय न्हवं? मग लपवलेली बी ओढंल!" पदर खोचून त्या पलंगाखाली, कपाटामागं, घड्याळामागं. घर असं लख्ख कधी झालं नव्हतं! शेवटी मेहमुदाच्या पेटीच्या कुलपाला नळी लावली आणि... घुर्र... घुर... गप्प.

"बॅटरी संपली," आकाराम म्हणाला. "भरायला आठ तास."

"बरोब्बर पेटीपाशीच संपली?"

"उघड गं," मी मेहमुदाला म्हणालो.

"म्हायेरची पेटी हाय. न्हाय उघडणार!"

आकाराम चपला शोधू लागला.

आता मलाही संशय! बाळाबाईंनी सावरीच्या ढिगात घुसलेला डबा काढून पान जुळवलं, अर्धं मला दिलं. आम्ही दोघं पेटीसमोर मांडी घालून बसलो, बॅटरी भरायची वाट बघत. चौथ्या पानाला मेहमुदानं वैतागून किल्ली माझ्या अंगावर फेकली.

बाळाबाईंनी झाकण उचललं. आत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा, कीव आल्यासारखं.

"तुजं नाव सुटलं, लेकरा," त्या म्हणाल्या. "ज्यादा शंभर ग्रॅम माझ्या डब्याचं हुतं. गादी तूच भर."

दिवाळीत, मी सावर आणायला मलकापूरला गेलो होतो त्या दिवशी, मेहमुदानं आकारामकडून वायरचं यंत्र विकत घेऊन याच पेटीत लपवलं होतं.