राऊतकाकांबरोबर युद्धपट

आमचे शेजारी राऊतकाका युद्धाचा सिनेमा बघताना गोळ्या मोजतात. मोठ्याने.

"अठ्ठावीस, एकोणतीस, तीस... संपली मॅगझीन! आता बदल ना रे, बाबा!"

हिरो बदलत नाही. तो आणखी पन्नास गोळ्या झाडतो आणि काका माझ्याकडे असं बघतात, जणू दिग्दर्शक मीच आहे.

काका सैन्यात हवालदार होते. आता डहाणूत चिकूची वाडी बघतात. घरी टीव्ही आहे, पण भांडायला कोणी नाही, म्हणून दर रविवारी दुपारी आमच्याकडे येतात. "लावा तुमची खोटारडी लढाई!"

हेल्मेटचा सुटा पट्टा, इस्त्रीचा गणवेश, बर्फातसुद्धा गुळगुळीत दाढी. काही सुटत नाही. कुठल्याच सिनेमात शेवटी कोण जिंकलं, ते आम्हाला माहीत नाही.

सगळ्यात राग मरणाऱ्या सैनिकावर. तो मित्राच्या मांडीवर डोकं ठेवून आईला निरोप सांगू लागला की काका उठून उभेच राहतात. "छातीत गोळी लागलेला माणूस भाषण करतो होय? सरपंच आहे का हा?" एकदा त्यांनी टीव्हीच बंद केला. माझी बायको अर्ध्या रडण्यात तशीच बसून राहिली.

गेल्या महिन्यात त्यांची स्कूटर बिघडली, म्हणून मी त्यांना माझ्या बाइकवरून तलासरीपलीकडच्या एका पाड्यावर नेलं. वाटेत एका ट्रकमागे रंगवलेल्या बंदुकीतही त्यांनी चूक काढली.

पाड्यावर कुडाच्या घरासमोर एक म्हातारी नाचणी पाखडत होती. काकांच्या पलटणीतल्या काकड्या नावाच्या जवानाची ही आई. काकड्या सीमेवर गोळी लागून गेला तेव्हा काका त्याच्या शेजारीच होते, आणि दर वर्षी ते तिला भेटायला येतात, हे मला तिथे कळलं.

तिने सूप खाली ठेवलं. "सांग रे, काय बोलला माझा पोर?"

काका तिच्यासमोर उकिडवे बसले. आईला एकटीला भात लावू देऊ नका. बहिणीचं लग्न थाटात करा. दारातला आंबा तोडू नका. चांगली पाच मिनिटं काकड्या बोलत होता. म्हातारी मान डोलवत होती. मध्ये काका अडखळले तर तीच आठवण करून देत होती.

परतताना मी विचारलं, "काका, खरंच एवढं बोलला तो?"



"आई गं म्हणायलासुद्धा वेळ मिळाला नाही त्याला," ते म्हणाले. "पण मी त्याची पेटी घेऊन आलो, तेव्हा ती दारात उभी होती."