सुलभाताईंची लोकबस

आमच्या सुलभाताई बसला बस म्हणत नाहीत. "चल रे, युरोपीय लोकबस येईल," म्हणतात. बेकरीत जाऊन खणखणीत जर्मनमध्ये "एक पारंपरिक जर्मन लोकपाव द्या" अशी मागणी करतात. काउंटरवरची बाई पाव देते, पण माझ्याकडे अशी बघते की यांना सांभाळायला जणू मलाच नेमलंय.

मी जर्मनीत, बॉबलिंगेनला, त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. म्हणजे त्यांचा ततकार, कथकचा तो पायांचा ठेका, थेट माझ्या डोक्यावर. तक्रार करायला वर गेलो की पोहे मिळतात, आणि पोह्यांबरोबर लोकबसची कथा. ताई एका विद्यापीठाच्या नृत्यविभागात कित्येक वर्षं कथक शिकवताहेत, अजूनही तासिकेवरच. तिथे बॅलेच्या वर्गाचं नाव 'टेक्निक'. यांच्या वर्गाचं नाव 'वेल्टटान्स', म्हणजे जगातली नृत्यं, थोडक्यात लोकनृत्यं. टेक्निक सक्तीचं, वेल्टटान्स हौसेचं.

"मग बॅले काय मंगळावरून आला?" हे ताईंचं पालुपद. "माझं ते लोकनृत्य ना? मग त्यांचंही सगळं लोक!" तेव्हापासून लोकबटाटे, लोकबर्फ, लोकजिना. यजमान गेले. मुलगी हँबुर्गला, फोनवर आईच्या मराठीला जर्मनमध्ये उत्तरं देते. त्यामुळे हे सगळं ऐकायला हक्काचा मी.

नाओमी त्यांची विद्यार्थिनी. वडील घानाचे, आई इथलीच. ती वर सरावाला आली की, खरं सांगतो, मी तक्रार विसरायचो. शेवटची परीक्षा कथकमध्येच द्यायची, असं तिनं मनावर घेतलं. ताईंनी विभागाच्या बैठकीत तशी मागणी मांडली. मला सोबत नेलं, घुंगरांची पिशवी धरायला.

विभागप्रमुख फार गोड बोलले. "फ्राउ कुलकर्णी, तुमच्यामुळे तर आमच्या विभागाला रंग आहे! पण परीक्षा टेक्निकचीच होते."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ताई म्हणाल्या. "मी टेक्निकच शिकवते."

सगळे हसले. अगदी प्रेमानं हसले हो, त्याचाच मला जास्त राग आला. मागणी फेटाळली गेली. पदवी हवी तर नाओमीनं बॅलेची परीक्षा द्यायची, असं ठरलं.

आता वर आठवडाभर आदळआपट होणार, म्हणून मी तयारीत होतो. पण वर काही वाजेचना. शेवटी न राहवून मीच गेलो. स्वयंपाकघरात पातेलंभर कोरा चहा उकळत होता, आणि त्यात बॅलेचे कापडी बूट!

"अहो ताई, हे काय?"

"नाओमीचे आहेत. दुकानात हे गुलाबीच मिळतात. वर लिहिलेलं असतं 'हाउटफार्बे', कातडीचा रंग. कोणाच्या रे कातडीचा?" त्यांनी चिमट्यानं एक बूट उचलून उजेडात धरला. "फिकाच आहे अजून. तुझ्याकडची कॉफी आण बरं."

"पण बॅले म्हणजे तुम्हाला..."

"पोरीची परीक्षा आहे. गुलाबी बुटात तिचा पाय घोट्याशी तोडल्यासारखा दिसतो. अख्खा दिसायला नको?"

मी कॉफी आणली. बूट वाळल्यावर ताईंनी ते हातांत घातले आणि ओट्यावर दोन्ही हातांनी हळूच ततकार वाजवून बघितला. मग माझी चाहूल लागून पटकन काढून ठेवले.

परीक्षेच्या सकाळी मी त्यांच्याबरोबर स्टॉपवर उभा होतो. बूट ओढणीत गुंडाळून पोटाशी धरलेले. घुंगरांची पिशवी मात्र घरीच ठेवली होती. वळणावर गाडी दिसली. आता म्हणतील, म्हणून मी वाट बघत होतो.

"चल रे, बस आली."

नुसती बस. त्या लोकबसचा मला किती वैताग यायचा, पण आता ती ऐकायला जीव कासावीस झाला.

"ताई," मी म्हटलं, "लोकबस."

"असू दे रे," त्या म्हणाल्या. "त्यांची ती बसच असते."